दुधनीची शांतता आणि आपली अभयारण्ये

सिल्वासाहून खानवेल ओलांडून दुधनीकडे निघाले की रस्ता साग-खैराच्या झाडीतून वळणे घेत चढतो, आणि एका उतारावर एकाएकी पाण्याचा अफाट विस्तार समोर येतो. भोवती डोंगरांची रांग, मध्येच पाण्यातून वर आलेली हिरवी टेकाडे, काठाला दल सरोवराची आठवण करून देणाऱ्या सजवलेल्या होड्या. आठवड्याच्या मधल्या दिवशी गेल्यास वल्ह्याचा आवाज तेवढा ऐकू येतो. दादरा-नगर हवेलीचे पर्यटन याच शांततेवर उभे आहे.

हे सरोवर मात्र निसर्गाने दिलेले नाही. नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीत उगम पावणारी दमणगंगा दमणजवळ अरबी समुद्राला मिळते. तिच्यावर गुजरातच्या वलसाड जिल्ह्यात मधुबन धरण बांधले गेले आणि मागे तुंबलेले पाणी नगर हवेलीच्या दऱ्यांत शिरले. या दऱ्यांत वारली, कोकणा आदी आदिवासींची शेते होती, वस्त्या होत्या. आज तेच पाणी वापीच्या कारखान्यांना, परिसरातील शेतीला आणि सिल्वासा-दमणच्या नळांना जाते. वापीचे नाव २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत अंकलेश्वरनंतर दुसऱ्या क्रमांकावर होते. वर आरशासारखे असणारे पाणी खाली कोणत्या रूपाने समुद्राला मिळत असेल, याची कल्पना त्यावरून यावी.

गोमंतकीय वाचकाला हे चित्र परके वाटू नये. साळावली धरणाखाली सांगे तालुक्यातील कुर्डी गाव गेला, ग्रामस्थांना वाडे आणि वालकिणीला हलवले गेले. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचे हे गाव. मे महिन्यात पाणी ओसरले की घरांचे चौथरे वर येतात आणि सोमेश्वराच्या उत्सवाला मूळचे ग्रामस्थ परत जमतात. दुधनीच्या होडीतून दिसणाऱ्या पाण्याकडे पाहताना आपल्याला कुर्डी आठवत नसेल, तर आपण केवळ पर्यटक म्हणूनच तेथे गेलो आहोत.

सरोवराइतकेच अभयारण्याचेही आहे. दादरा-नगर हवेलीचे क्षेत्रफळ अवघे ४९१ चौरस किलोमीटर. त्यातील सुमारे ९२ चौरस किलोमीटर क्षेत्र २००० साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा. गोव्यातील अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्यान मिळून होणारे सुमारे ७५५ चौरस किलोमीटर क्षेत्रही राज्याच्या पाचव्या हिश्श्याएवढेच भरते. योगायोग खरा, पण प्रश्नही सारखेच आहेत. लहान प्रदेशात संरक्षित वनाची रेषा कोठेही ओढली तरी ती कोणाच्या तरी अंगणातून, कुळागरातून किंवा गुरांच्या वाटेवरून जाते.

पर्यटकाला यातले फारसे दिसत नाही. त्याला वासोण्याच्या सफारीत जाळीच्या बसमधून सिंह दाखवले जातात. सिंहांचे घर गीरमध्ये, दमणगंगेच्या खोऱ्यात नव्हे. सातमालियाच्या उद्यानात सांबर आणि चितळ भेटतात. या रानाचा खरा रहिवासी बिबट्या सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. त्याच्याशी रोजचा संबंध आहे तो वारल्यांचा, आणि ते वाघदेवाला पूजतात. आपल्याकडेही वेळीप-गावकरांच्या वाड्यांवर वाघ्रो देवाचे स्थान आहे. श्वापदाशी जमवून घेण्याची ही रीत कायद्याच्या कितीतरी आधीची आहे.

परंतु रीत तुटू शकते, हे आपण पाहिले आहे. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतील गोळावली येथे, म्हादई अभयारण्याच्या हद्दीत, एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मृतावस्थेत सापडले. गुरे मारली गेल्याचा राग त्यामागे होता. त्या कृत्याचे समर्थन कोणीही करू नये. पण म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्ये १९९९ साली राष्ट्रपती राजवटीत, राज्यपाल जेकब यांच्या काळात घोषित झाली आणि त्यानंतर दोन दशके उलटूनही हद्दीतील लोकांच्या हक्कांचा निवाडा रेंगाळतच राहिला, ही वस्तुस्थितीही नजरेआड करता येत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा जिल्हाधिकाऱ्याकडून हक्कांची चौकशी अपेक्षितो. २००६ चा वनहक्क कायदा त्याहून पुढे जाऊन दावे निकाली निघेपर्यंत कोणाला हलवू नये असे सांगतो. उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २४ जुलै २०२३ रोजी तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला, तेव्हा सत्तरीत उसळलेली भीती वाघाची नव्हती. आपले घर हद्दीच्या आत की बाहेर, हेच ठाऊक नसण्याची ती भीती होती. राज्य सरकार त्या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. लोकांचे दावे निकाली काढायला मात्र न्यायालयाच्या निकालाची वाट पाहण्याची गरज नव्हती.

सत्तरीचा माणूस निदान आमदाराला जाब विचारू शकतो. सिल्वासाच्या माणसाला ती सोय नाही. १९५४ मध्ये आझाद गोमंतक दलासह अनेक स्वातंत्र्यसैनिकांनी हा मुलूख पोर्तुगीजांच्या ताब्यातून मुक्त केला. सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरेही त्या लढ्यात होते. त्यानंतर १९६१ मध्ये भारतात विलीन होईपर्यंत सात वर्षे वरिष्ठ पंचायतीने येथला कारभार पाहिला. ज्या प्रदेशाने असे स्वशासन अनुभवले, तो आज विधानसभेविना आहे. २६ जानेवारी २०२० पासून दमण-दीवशी जोडलेल्या या केंद्रशासित प्रदेशाचा कारभार प्रशासकाकडे आहे. अशा ठिकाणी पर्यटनाचा आराखडा झपाट्याने होतो, हे खरे. रस्ते, बागा, नौकाविहाराचे धक्के उभे राहतात आणि ते चांगलेही असतात. पण सरोवराकाठी काय व्हावे हे काठावरच्या पाड्याने कोठे सांगायचे, याचे उत्तर त्या आराखड्यात नसते.

आता याच नदीवर वरच्या अंगाला नवे पाणी अडवण्याचा विचार आहे. फेब्रुवारी २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पीय भाषणात ज्या पाच नदीजोड प्रकल्पांचा उल्लेख झाला, त्यांत दमणगंगा-पिंजाळ जोडही होता. दमणगंगेच्या खोऱ्यात भूगड आणि खार्गीहिल येथे धरणे बांधून ते पाणी मुंबईकडे वळवायचे, असे त्याचे स्वरूप. त्याच यादीतील पार-तापी-नर्मदा जोडाला दक्षिण गुजरातच्या आदिवासींनी इतका विरोध केला की काही महिन्यांतच तो रद्द केल्याची घोषणा गुजरात सरकारला करावी लागली. धरमपूर-डांगच्या त्या लोकांना मधुबनच्या पाण्याखाली काय गेले ते ठाऊक होते. भूगडचे पाणी उद्या साठलेच, तर तिथेही होड्या येतील.