बिल म्हणजे निकाल नव्हे



काट्यावर व्यापाऱ्याने कडता कापला तर आपण निदान हुज्जत घालतो. फोनचे बिल आले की मात्र मुकाट खिशात हात घालतो. का? मशीनमधून छापून येते म्हणून?

आमच्या नाचणगावातलीच गोष्ट. आमच्यापैकी एकाचे बिल महिन्याला चारशेच्या आसपास यायचे. एका महिन्यात सहा हजार आठशे आले. पुलगावला विचारायला गेलो तर काउंटरवरची पोरगी म्हणते, तुम्ही नेट वापरले. कधी? किती? "सिस्टीममध्ये दिसते." मग दाखवा. "ते वरून मिळेल." वर म्हणजे कुठे, हे तिलाही ठाऊक नव्हते. तिच्यावर आमचा राग नाही, तीही पगारावर राबणारी. हा भाऊ जिथे दिवसभर डवरणी करत होता तिथे रेंजसाठी धुऱ्यावरच्या बाभळीपर्यंत चालत जावे लागते, एवढे मात्र सांगून आलो.

शेवटी त्याने पैसे भरले. आम्ही त्याला दोष देत नाही. सीसीआयला कापूस द्यायचा तर नोंदणी फोनवर, ई-पीक पाहणी फोनवर, बँकेचा निरोप फोनवर. ऐन हंगामात नंबर बंद पडला तर कापूस घरात आणि चुकारा हवेत. कंपन्यांना हे पक्के माहीत आहे. "आधी भरा, मग बोला" ही भाषा आपल्या आज्यापणज्यांनी सावकाराच्या ओट्यावर ऐकलेली आहे.

पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. त्यानंतर १८७९ चा दख्खनचा शेतकरी कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगरच्या कोर्टांना खताच्या मागे जाऊन मुळापासून हिशेब तपासायचा अधिकार मिळाला. खाली अंगठा आहे म्हणून वरचा आकडा खरा, हे गोऱ्या सरकारलाही रेटता आले नाही. फोनच्या बिलावर तर आपला अंगठाही नसतो!

आता स्वराज्यातली गंमत ऐका. १८८५ च्या तार कायद्यात ७-ब हे कलम आपल्याच सरकारने १९५७ साली घातले. फोनच्या बिलाचा वाद केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडे न्यायचा आणि त्याचा निवाडा अखेरचा. या कलमावर बोट ठेवून २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की असे वाद ग्राहक मंचाने ऐकू नयेत. दार बंद!

ते उघडायला अहमदाबादचा एक ग्राहक लागला. त्याचे बिल महिन्याला सरासरी ५५५ रुपये. ८ नोव्हेंबर ते ७ डिसेंबर २०१३ या एका महिन्याचे आले २४,६०९ रुपये ५१ पैसे. त्याने २०१४ मध्ये जिल्हा मंचात तक्रार केली. मंचाला हे ऐकायचा अधिकारच नाही, असे म्हणत वोडाफोन आयडिया थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १६ फेब्रुवारी २०२२ ला निकाल लागला: अधिकार आहे. बिल खरे की खोटे, याचा नव्हे. तक्रार कोणी ऐकायची, एवढ्याचाच निकाल. त्याला आठ वर्षे! कंपनीजवळ वेळ असतो, वकील असतो. आपल्याजवळ दोन वेचण्यांमधले चार दिवस.

पण दार उघडले हे खरे. २०१९ च्या ग्राहक कायद्यात सेवेच्या व्याख्येत दूरसंचार हा शब्दच घातला आहे, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही हा हक्क शाबूत ठेवला आहे. "एवढ्याशा रकमेसाठी कोण कोर्टात जातो" म्हणणारे शहाणे आपल्यातही आहेत. त्यांना आमचे विचारणे आहे: क्विंटलमागे एक किलो कडता तरी कुठे मोठा असतो?

तेव्हा यापुढे तोंडी भांडण नको. कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार नोंदवा आणि तिचा नंबर मागून घ्या. तपशीलवार बिल लेखी मागा. उत्तर पटले नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. २०१२ च्या ट्रायच्या नियमांनी ते प्रत्येक कंपनीला ठेवावे लागते. ट्राय स्वतः एकेकाची तक्रार सोडवत नाही, तिकडे चकरा मारू नका. मग वर्ध्याचा जिल्हा ग्राहक आयोग. आपण जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, कंपनीच्या मुंबई-दिल्लीला जावे लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही. मुदत दोन वर्षांची. आमच्या भावाने पैसे भरले असले तरी ती मुदत अजून संपलेली नाही. त्याचा अर्ज आम्ही लिहायला घेतला आहे.

जिल्हा बैठकीला येताना मागच्या सहा महिन्यांची बिले, पैसे भरल्याच्या पावत्या आणि तक्रारीचा नंबर घेऊन या. दुपारच्या भाकरीनंतर तिथेच बसून अर्ज लिहू.