हिवाळ्यातील एक दिवस : कार्ले, भाजे आणि पाले

नाताळच्या सुट्टीत फ्रान्सला जाण्याचा बेत नवी मुंबईतील व्यापारी घरांना आता अपूर्वाईचा राहिलेला नाही. हिऱ्यांच्या व्यवहारानिमित्त ज्यांचे अँटवर्पला जाणे-येणे असते, त्यांना तर पॅरिस शेजारगावासारखेच. मात्र प्रवास-कंपनीच्या पत्रकात पंचांग छापलेले नसते. डिसेंबरअखेर पॅरिसमध्ये सूर्य पावणेनऊच्या आसपास उगवतो आणि पाचच्या सुमारास मावळतो. नवकारशीचे पच्चक्खाण साडेनऊपर्यंत पारता येत नाही आणि चौविहार करणाऱ्याला साडेचारलाच ताटावर बसावे लागते. मधले सात तास पाच ठिकाणी वाटून टाकण्यापेक्षा एकाच ठिकाणी घालवणे शहाणपणाचे.

असे एक ठिकाण म्हणजे शार्त्र. पॅरिसपासून सुमारे ९० किलोमीटर, आगगाडीने तासाभराचे अंतर. तेथील कॅथेड्रल ११९४च्या आगीनंतर पुन्हा उभारले गेले. त्याच्या रंगीत काचांच्या खिडक्यांत संत आणि राजे आहेतच. पण चाळीसहून अधिक खिडक्यांच्या तळाशी आपापल्या कामात गढलेले कापडवाले, सराफ, पाववाले आणि सुतार दिसतात. सराफ नाणी मोजतो आहे, कापडवाला ताग्याचे माप घेतो आहे. या खिडक्या त्या त्या धंद्याच्या मंडळींनीच दिल्या, असे पूर्वी सरसकट मानत. अलीकडच्या काही अभ्यासकांना ते तितके निश्चित वाटत नाही. चित्र आहे, पण देणाराचे नाव बहुधा नाही.

नाव हवे असेल तर वाशीहून निघावे. शार्त्रपेक्षाही कमी अंतरावर, सुमारे ७० किलोमीटरांवर, कार्ल्याचे चैत्यगृह आहे. ते शार्त्रहून हजार वर्षांनी जुने आहे आणि तेथे दात्यांनी आपले नाव, गाव आणि धंदा तिन्ही दगडात कोरून ठेवले आहेत.

कार्ले आणि भाजे ही बौद्ध लेणी आहेत, हे मुलांना आरंभीच स्पष्ट सांगावे. जुने दिसेल ते आपलेच, असे म्हणण्याची सवय लहानपणापासून लागू नये. कार्ल्याच्या चैत्यगृहाची लांबी सुमारे १२४ फूट. छताच्या कमानीतील लाकडी फासळ्या अजून जागेवर आहेत. व्हरांड्यातील एका लेखात वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या सेठीने हे शैलगृह पूर्ण केल्याचे सांगितले आहे. वैजयंती म्हणजे कर्नाटकातील बनवासी. हा सेठी तेथेच थांबत नाही. आपले शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम असल्याचेही तो नोंदवतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेठजींनाही आपल्या कामाची जाहिरात करण्याचा मोह आवरला नव्हता, आणि चैत्यगृह पाहिल्यावर त्यांना दोष देववत नाही.

दाराच्या लेखांत धेनुकाकट या गावाचे नाव वारंवार येते. तेथील सिंहदत्त नावाच्या गंधिकाने एक दार दिले, तर सामी नावाच्या सुताराने एक दार घडवले. गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. ‘गांधी’ हे आडनाव त्याच शब्दाच्या वंशातले. याच धेनुकाकटच्या यवनांनी आतले काही खांब दिले आहेत. बंदरातून घाट चढून आलेला परदेशी, अत्तरवाला, सुतार आणि दूर दक्षिणेतला शेठ यांनी मिळून हे एक घर उभे केले. जुन्नरच्या एका लेण्यात तर धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिल्याचा लेख आहे. तुर्भ्याच्या दाणाबाजारात ज्यांची पेढी आहे, त्यांनी तो एकदा अवश्य वाचावा. पण जुन्नर आणि नाणेघाट यांना वेगळा दिवस द्यावा लागेल.

ही गर्दी येथेच का झाली, याचे उत्तर वाटेतच मिळते. कल्याण, सोपारा आणि चौल या बंदरांतला माल देशावर न्यायचा तर सह्याद्री चढणे अटळ, आणि बोरघाटाचा मार्ग मावळात उतरतो. तांडे येथून जात, म्हणून श्रमणांना भिक्षा मिळे. श्रमण येथे राहत, म्हणून तांड्यांना विसावा मिळे. द्रुतगती मार्गावर पथकर भरून घाट चढणारे आजचे कुटुंब जवळजवळ त्याच दिशेने जात असते.

कार्ल्याचे तोंड पश्चिमेकडे आहे. थोरल्या कमानीतून दुपारनंतरचा प्रकाश थेट स्तूपापर्यंत जातो, म्हणून कार्ले दुपारी पाहावे. रविवार टाळावा, एकवीरा देवीचे स्थान तेथेच आहे आणि नवी मुंबईच्या आगरी-कोळी गावांतील भाविक त्या दिवशी मोठ्या संख्येने येतात. भाजे मळवली स्थानकाच्या दुसऱ्या बाजूला आहे. ते कार्ल्याहूनही जुने आणि शांत; तेथील चौदा स्तूपांच्या समूहासाठी अर्धा तास काढला तरी पुरे.

सकाळ मात्र पाले या गावासाठी राखावी. कामशेतजवळ नाणे मावळात हे छोटे गाव आहे आणि वरच्या डोंगरात एक साधे लेणे आहे. खांब नाहीत, मूर्ती नाहीत, तिकीटघर नाही. १९६९च्या सुमारास डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी तेथील ब्राह्मी लेख अभ्यासकांपुढे आणला. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातला हा लेख अरहंतांना नमन करून सुरू होतो. भदंत इंदरखित, म्हणजे इंद्ररक्षित, यांनी हे लेणे आणि एक पोढी करविली, एवढाच त्याचा मजकूर. ‘अरहंत’ शब्द बौद्धांतही आहे, ‘भदंत’ही आहे, पण आरंभीच्या या नमनाच्या घाटणीवरून तो जैन मानला जातो. ओडिशातील खारवेलाच्या हाथीगुंफा लेखाची सुरुवातही अशीच आहे. हा निर्णय धरला, तर महाराष्ट्रातील जैन समाजाचा सर्वांत जुना लिखित पुरावा नवी मुंबईहून दोन-अडीच तासांवर आहे, आणि सम्मेदशिखरापासून पालिताण्यापर्यंत सर्व यात्रा केलेल्या कित्येक घरांनी त्याचे नावही ऐकलेले नाही.

२०१९ साली लोहगडाच्या कड्यातील एका गुहेत गिर्यारोहकांना याच धाटणीचा दुसरा लेख आढळला. तेथेही अरहंतांना नमन, तेच इंद्ररक्षिताचे नाव आणि पुन्हा पाण्याची पोढी. ती जागा अवघड आहे. मुलांना घेऊन तेथे जाण्याचे साहस करू नये. पाले येथेही गावातील माहीतगार माणूस बरोबर घ्यावा.

पोढी म्हणजे कातळात खोदलेले पाण्याचे टाके. पावसाळा संपल्यावर या डोंगरात पाणी टिकत नाही. कातळाच्या सावलीतले टाके मात्र ते राखून ठेवते. लेण्याच्या नोंदीबरोबर टाक्याचीही नोंद का केली असेल, हे पाण्याची बाटली रिकामी झालेल्या मुलाला वेगळे समजावावे लागत नाही.

अशा जागेची वार्ता पसरली की फरशी, तैलरंग आणि देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी वर पोहोचायला वेळ लागत नाही. भक्ती खरी असते, पण झाकलेले अक्षर परत मिळत नाही. कार्ले-भाज्यासारख्या केंद्र-संरक्षित स्मारकाला इजा केल्यास १९५८च्या कायद्यानुसार दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आडवाटेच्या लेण्याला राखणदार नसतो, तेथे येणाराचा विवेक तेवढा असतो. संघाला काही द्यायचेच असेल, तर पायवाटेची डागडुजी करावी किंवा गावच्या शाळेला लेखाचा मोठा ठसा आणि मराठी अर्थ द्यावा. त्याआधी जाणकार पुरातत्त्वज्ञाचा सल्ला घ्यावा.

सामानात विजेरी हवी. लेखावर ती समोरून न धरता भिंतीला जवळजवळ चिकटवून बाजूने धरावी. खोलगट अक्षरांत सावली भरते आणि ओळ वाचता येते. अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू, हळद किंवा पाणी लावू नये. डबा पाले येथून खाली उतरल्यावर खावा आणि कार्ल्याहून साडेचारला निघावे. डिसेंबरात मावळात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे चौविहार करणाऱ्यांना घाट उतरण्यापूर्वी लोणावळ्यातच निवांत जेवता येते.