प्रवासखर्चाचे रसायन

अमेरिकन केमिकल सोसायटी ही १८७६ साली स्थापन झालेली संस्था वर्षातून दोन राष्ट्रीय अधिवेशने भरवते. तिच्या संगणकीय रसायनशास्त्र विभागात निबंध वा पोस्टर सादर करणाऱ्या मोजक्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना केमिकल कम्प्युटिंग ग्रुप या कॅनेडियन कंपनीच्या सहकार्याने पारितोषिक दिले जाते. त्याच्या घोषणांत ११५० डॉलर आणि कंपनीच्या ‘एमओई’ या सॉफ्टवेअरचा वर्षभराचा परवाना असे स्वरूप नमूद होत आले आहे. रक्कम लहान असली, तरी ती ज्या प्रश्नाकडे बोट दाखवते तो लहान नाही. संशोधकांच्या जगात प्रवेश मिळवण्याचा खर्च कोणी उचलायचा, हा तो प्रश्न होय.

ज्याचे सारे काम संगणकावर चालते, त्याला प्रवासाची गरज काय, असे वाटणे स्वाभाविक आहे. या शास्त्राची प्रतिष्ठाही आता वादातीत आहे. १९९८, २०१३ आणि २०२४ या तिन्ही वर्षी रसायनशास्त्राच्या नोबेलने संगणकीय कामाचा गौरव झाला. तथापि, गणनेत कोणती गृहीतके धरली, कोणती पद्धत फसली, हे प्रकाशित निबंधांत क्वचितच उतरते. पोस्टरपुढे उभा राहिलेला जाणकार नेमके तेच विचारतो. पुढील संशोधनवृत्तीची किंवा नोकरीची बोलणीही अनेकदा तेथेच सुरू होतात.

कंपनीचा यातील सहभाग निव्वळ दातृत्वाचा मानण्याचे कारण नाही. आज परवाना मिळालेला विद्यार्थी उद्या औषधकंपनीत गेला, तर हातवळणी पडलेल्या सॉफ्टवेअरचीच मागणी करणे संभवते. मात्र हा हिशेब उघड आहे आणि त्यात विद्यार्थ्याचेही हित साधते. त्यामुळे त्याला नाक मुरडण्यात अर्थ नाही.

खरी अडचण प्रवासवृत्तींच्या सर्वसाधारण रचनेत आहे. अनेक वृत्तींची रक्कम प्रवासानंतर, बिले सादर केल्यावर हाती येते. विमानाचे तिकीट, निवास आणि नोंदणीशुल्क यांची तजवीज विद्यार्थ्याने आधी करायची, मग परताव्याची वाट पाहायची. ज्याच्या गाठीला पैसा आहे, त्यालाच अशी मदत सुलभ ठरते. शिवाय गुणवत्तेची कसोटी लावताना संपन्न प्रयोगशाळेतील विद्यार्थी सहज पुढे जातो. त्याच्या मार्गदर्शकाकडे प्रवासनिधी असतोच.

२०२०च्या मार्चमध्ये फिलाडेल्फिया येथे होणारे अधिवेशन करोनामुळे रद्द झाले आणि पुढील अधिवेशने ऑनलाइन भरली. व्याख्याने घरबसल्या ऐकता आली, ही सोय मोठीच. परंतु ऐकण्याची सोय झाली म्हणजे ओळख झाली असे नव्हे. व्याख्यानानंतरच्या अनौपचारिक गप्पांची जागा पडदा घेऊ शकत नाही.

भारतासाठीही हा प्रश्न परका नाही. पुण्याच्या सी-डॅकने १९९१मध्ये ‘परम ८०००’ घडवला. २०१५मध्ये सुमारे ४५०० कोटी रुपयांची राष्ट्रीय महासंगणन मोहीम मंजूर झाली आणि तिच्यातून पुण्याच्याच आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’ उभा राहिला. परदेशी परिषदांत निबंध वाचणाऱ्यांना विमानभाडे देणारी योजना विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ राबवीत असे. २०२३च्या कायद्यानंतर हे मंडळ अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये विलीन झाले. संस्थेचे नाव बदलले, तरी विद्यार्थ्याची गरज बदललेली नाही. महासंगणकावर कोट्यवधी खर्चणाऱ्या व्यवस्थेला, त्यावर राबणाऱ्या तरुणाचे तिकीट ही किरकोळ बाब वाटू नये.

उपाय अवघड नाहीत. मंजूर रकमेचा मोठा भाग आगाऊ द्यावा, निर्णय तिकिटे महागण्यापूर्वी कळवावा आणि निवडीत गुणवत्तेबरोबरच अन्य निधी उपलब्ध आहे की नाही, हेही पाहावे. अन्यथा प्रवासवृत्ती ही ज्याला जाणे परवडतेच, त्याच्या गुणपत्रिकेवरील आणखी एक ओळ एवढीच उरेल.