कुंपण आणि पंचनामा

मोबाइलवर नवे ॲप घेताना आपण ‘मान्य आहे’ म्हणून मोकळे होतो. त्यातले खासगीपणाचे धोरण कंपनीनेच लिहिलेले. ते पाळले की नाही, हेही तीच सांगणार! आम्हा पालघरकरांना हा प्रकार नवा नाही. तारापूर औद्योगिक वसाहतीचे सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र कारखानदारांचीच संस्था चालवीत होती. तरीही प्रदूषणाविरुद्ध मच्छीमार मांगेला समाजाच्या संघटनेला २०१६ साली हरित लवादाकडे जावे लागले. खासगीपणा हा मूलभूत हक्क, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले. २०२३च्या कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडही आहे. माझे म्हणणे एवढेच, की तपासणारा बाहेरचा आणि निर्भीड हवा. नाहीतर कुंपणानेच शेत खायचे आणि पंचनामाही त्यानेच करायचा!