मुलावरचा गुन्हा गुपित कसा?

पापनिवेदनाच्या वेळी कानावर आलेला गुन्हा धर्मगुरूने पोलिसांना कळवावा का, हा वाद पेण-रोह्यात परका वाटेल. इथे ख्रिस्ती वस्ती मोजकीच. पण कायदा इथेही तोच आहे. 'पॉक्सो' कायद्याच्या (2012) कलम 19 नुसार, बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला कळले त्या 'कोणत्याही व्यक्ती'ने पोलिसांना खबर द्यायची आहे. न दिल्यास कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पाद्री, महाराज, मौलवी, कुणालाच सूट नाही. साक्षीपुराव्याच्या कायद्याने वकील-अशील आणि नवरा-बायको यांच्या बोलण्याला संरक्षण दिले आहे. धर्मगुरूचे नाव 1872 च्या कायद्यात नव्हते, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्यातही नाही.

चर्चची अडचण खरी आहे. पापनिवेदनाचे गुपित फोडणारा धर्मगुरू त्यांच्या नियमांप्रमाणे बहिष्कृत होतो. शिवाय, गुपित फुटणार म्हटल्यावर गुन्हेगार कबुलीला येणारच नाही, असे म्हणतात. न येवो! कबुली देऊन तो मोकळ्या मनाने घरी जातो, तेव्हा त्या मुलाच्या पदरात काय पडते? आणि पापनिवेदनाच्या जाळीपुढे मुलेही बसतात. आपल्यावर काय झाले हे मुलाने सांगितले, तर ते त्याचे पाप नव्हे, फिर्याद आहे. चोरी, जुने भांडण, परस्त्रीचा मोह यांची वर्दी धर्मगुरूने द्यावी असे मीही म्हणणार नाही. मुलांवरचा अत्याचार मात्र त्या यादीत बसत नाही.

आपल्याकडे हे मौन देवळाच्या ओट्यावर पाळले जाते. पंच बसतात, मुलीच्या बापाला बोलावतात, 'पोरीचं लग्न व्हायचंय' म्हणून समजावतात, समोरच्याला दंड लावतात आणि मिटले म्हणून उठतात. बाप पोलीस ठाण्याची पायरी चढत नाही, कारण वाळीत पडण्याची धास्ती. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा राज्यात 3 जुलै 2017 पासून लागू आहे, पण ओट्यावर त्याचे नाव कोण काढणार? पाद्र्याने बोलावे असा आग्रह धरायचा आणि गावकीकडे काणाडोळा करायचा, हे मला पटत नाही. पंच हीसुद्धा 'कोणतीही व्यक्ती'च.

असे मौन न्यायालयही खपवून घेत नाही. राजुऱ्याच्या (जि. चंद्रपूर) वसतिगृहातील आदिवासी मुलींवरील अत्याचाराच्या प्रकरणात खबर न दिल्याचा ठपका असलेल्या डॉक्टरवरचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने 2 नोव्हेंबर 2022 रोजी तो निकाल फिरवला. खबर न देणे हा गंभीर गुन्हा आहे, असे बजावले.

पेणचे आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आणि दोन्ही तालुक्यांतील पोलीस ठाणी यांनी कलम 19 सोप्या मराठीत आश्रमशाळा, देवळे, मशिदी आणि चर्चच्या दारांवर लावावे. सद्हेतूने खबर देणाऱ्यावर कारवाई होत नाही, हेही त्यात लिहावे, आणि खाली ठळक अक्षरांत चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 हा क्रमांक.

आपला,
एक वाचक, रोहा (जि. रायगड)