अंगार्स्कचा खुनी आणि त्याच्या अंगावरील गणवेश

१० डिसेंबर २०१८ रोजी सैबेरियातील इर्कुत्स्क येथील न्यायालयाने मिखाईल पोपकोव्ह या माजी पोलीस अधिकाऱ्यास ५६ खुनांबद्दल जन्मठेपेची शिक्षा सुनावली. ही त्याची दुसरी जन्मठेप. पहिली २०१५ साली २२ खून आणि खुनाचे दोन प्रयत्न यांबद्दल झालेली होती. दोन निकालांची बेरीज ७८ होते. रशियाच्या अर्वाचीन इतिहासात एकाच माणसावर इतके खून न्यायालयात शाबीत झाल्याचे दुसरे उदाहरण नाही. बळी पडलेल्यांत एक पोलीस वगळता सर्व स्त्रिया होत्या.

अशा बातमीवर जगभरच्या वृत्तपत्रांनी जे करायचे तेच केले. त्याला 'राक्षस', 'नरपशू', 'अंगार्स्कचा माथेफिरू' अशा पदव्या बहाल केल्या आणि विषय संपवला. राक्षस म्हटले की प्रश्न विचारायची गरज उरत नाही. राक्षसाला नेमणूकपत्र कोणी दिले, त्याच्या अंगावर गणवेश कोणी चढवला, त्याच्या हाती सरकारी वाहनाची किल्ली कोणी ठेवली, हे कोणी विचारीत नाही. वस्तुतः पोपकोव्हच्या आयुष्यात विचार करण्याजोगा भाग त्याच्या मनोविकृतीचा नाही. मनोविकृत माणसे सर्व देशांत आणि सर्व काळी निपजतात. अशा एका माणसाला जवळजवळ दोन दशके मोकाट राहणे कशामुळे शक्य झाले, हा खरा प्रश्न आहे.

पोपकोव्हचा जन्म १९६४ सालचा. अंगार्स्क शहरात तो मिलित्सियात, म्हणजे तेव्हाच्या पोलीस दलात, नोकरीस होता आणि कनिष्ठ लेफ्टनंटच्या हुद्द्यापर्यंत पोचला होता. घरी पत्नी व मुलगी होती, शेजाऱ्यांत लौकिक चांगला होता. १९९२ मध्ये त्याने पहिला खून केला. पद्धत साधी होती. रात्री उशिरा घरी परतणाऱ्या, बसची वाट पाहणाऱ्या वा समारंभाहून निघालेल्या एकट्या स्त्रीजवळ तो गाडी थांबवी आणि घरी सोडण्याची तयारी दाखवी. कधी गाडी पोलिसांची असे, कधी अंगावर गणवेश असे. ज्या शहरात रात्री रस्त्यावर निघायचे भय वाटते तेथे पोलीस दिसला की बाईमाणसाला हायसे वाटते. नेमका हाच दिलासा त्याने हत्यार म्हणून वापरला. सुरे, कुऱ्हाडी, हातोडे ही नंतरची हत्यारे झाली. त्यातलीही काही पोलिसांनी जप्त केलेल्या मालातून उचललेली होती, हे त्यानेच तपासात सांगितले.

आपण शहर 'स्वच्छ' करीत होतो, असे समर्थन त्याने मागाहून केले. नवरा आणि मुले घरी ठेवून रात्री बाहेर पडणारी, अनोळखी माणसाच्या गाडीत बसणारी स्त्री त्याच्या लेखी शिक्षेस पात्र होती. म्हणजे आरोपपत्र त्याचे, न्यायासन त्याचे आणि फाशीचा दोरही त्याच्याच हाती. हे वेड्याचे बरळणे म्हणून सोडून देता येईल. पण त्या शब्दांची ओळख सभ्य समाजाला नाही असे कोण म्हणेल? बाई इतक्या रात्री तिथे काय करीत होती, हा प्रश्न खुन्याने विचारला तसाच तो अनेक देशांतल्या पोलीस ठाण्यांतून, चावड्यांवरून आणि कोर्टांतूनही विचारला जातो. खुन्याचे तत्त्वज्ञान त्याच्या एकट्याच्या डोक्यात जन्मलेले नव्हते. ते उसने घेतलेले होते. अंमल मात्र त्याचा स्वतःचा.

आता काळ आणि स्थळ पाहू. अंगार्स्क हे दुसऱ्या महायुद्धानंतर आखून वसवलेले औद्योगिक शहर. छावण्यांतल्या कैद्यांच्या श्रमांतून ते उभे राहिले आणि १९५१ मध्ये त्यास शहराचा दर्जा मिळाला. तेलशुद्धीकरण, रसायने आणि युरेनियमचे समृद्धीकरण ही त्याची उपजीविका. सुमारे अडीच लाख वस्तीचे हे शहर कारखान्यांच्या पगारावर जगत होते. २ जानेवारी १९९२ रोजी येल्त्सिन सरकारने किमतींवरील नियंत्रण उठवले. त्या एका वर्षात किमती पंचवीस पटींहून अधिक वाढल्या आणि जन्मभराची बचत काही महिन्यांत कागद झाली. पुढे पगार महिनोन्महिने थकू लागले. रशियन पुरुषाचे सरासरी आयुर्मान १९९० च्या सुमारास ६४ वर्षांच्या आसपास होते, ते १९९४ पर्यंत ५८ च्याही खाली आले. युद्ध नसताना कोणत्याही औद्योगिक देशाने इतकी घसरण क्वचितच पाहिली असेल. त्याच सुमारास देशातील खुनांचे प्रमाण दर लाख लोकसंख्येस तीसच्या वर गेले.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की पोपकोव्ह हे भांडवलशाहीच्या 'धक्का-उपचारा'चे अपत्य आहे. डाव्या चळवळीतल्या माणसाला हा निष्कर्ष सोयीचा वाटण्याचा संभव असल्याने तो अधिक काळजीने तपासला पाहिजे. पोपकोव्ह भुकेला नव्हता, बेकार नव्हता, हुद्द्यावर होता. त्याने लुटीसाठी खून केले नाहीत. त्याच अंगार्स्कमध्ये लाखो माणसांनी तीच महागाई आणि तीच पगारांची थकबाकी सोसली, पण कोणी कुऱ्हाड उचलली नाही. दारिद्र्य माणसाला खुनी बनवते हे विधान गरिबांचा अपमान करणारे आहे. आर्थिक अरिष्टाने खुनी घडवला नाही. अरिष्टाने त्याला सावज स्वस्त करून दिले आणि त्याचा माग काढणारी यंत्रणा पंगू करून ठेवली. जेथे रोज प्रेते सापडत होती तेथे आणखी एका बाईचे प्रेत म्हणजे नोंदवहीतली आणखी एक ओळ. सैबेरियातील कारखान्याच्या गावची दुकानातली वा कचेरीतली बाई नाहीशी झाली, तर मॉस्कोत कोणाची झोप उडणार?

तितकेच खोटे दुसरे विधान आहे. जुनी व्यवस्था असती तर हे घडले नसते, असे म्हणणारेही भेटतात. त्यांनी रोस्तोव्हचा इतिहास आठवावा. आंद्रेई चिकातिलो याने १९७८ ते १९९० या काळात, म्हणजे सोव्हिएत राजवटीतच, पन्नासहून अधिक बायका-मुलांचे प्राण घेतले. त्याच्या १९७८ च्या पहिल्या खुनाबद्दल अलेक्सांद्र क्राव्हचेन्को या निरपराध माणसाला १९८३ मध्ये मृत्युदंड देण्यात आला. समाजवादी समाजात असले गुन्हे संभवतच नाहीत या समजुतीपायी लोकांना धोक्याची सूचना देण्याचेही टाळले गेले आणि गुन्ह्यांची आकडेवारी गुप्त ठेवली गेली. जी पोलीस यंत्रणा वर पक्षाला उत्तर देते आणि खाली नागरिकाला काहीच उत्तर देत नाही, ती सोव्हिएत काळात घडली. १९९१ नंतर वरचा पक्ष गेला, पण खालचे बेगुमानपण तसेच राहिले. नव्या राज्यकर्त्यांनी कारखाने विकले, तेलविहिरी विकल्या. पोलिसाला नागरिकापुढे जबाबदार धरण्याचे काम मात्र बाजाराने करायचे नव्हते आणि राज्याला करायचे नव्हते. पोपकोव्ह या दोन्ही व्यवस्थांचा वारसदार आहे. पहिलीने त्याला अधिकार दिला, दुसरीने त्याला अंधार दिला.

अंगार्स्कमध्ये संशयाची वाट कधी दिसलीच नव्हती असेही नाही. हल्ल्यातून काही जणी जिवंत राहिल्या होत्या. आपल्याला पोलिसाच्या गाडीतून नेले, हे १९९८ साली वाचलेल्या एका अल्पवयीन मुलीने सांगितले होते. तिचा शब्द शेवटास गेला नाही. त्याच वर्षी पोपकोव्हने नोकरी सोडली, पण खून सोडले नाहीत. पोलिसांची गाडी गेली, त्याची स्वतःची 'निवा' आली. गुन्ह्यांच्या जागी याच जातीच्या मोटारीच्या चाकांच्या खुणा सापडल्या होत्या. अखेर आजी-माजी सुमारे साडेतीन हजार पोलिसांची जनुकीय तपासणी झाली, त्यात तो सापडला आणि जून २०१२ मध्ये व्लादिवोस्तोक येथे त्याला अटक झाली. पहिल्या खुनापासून तोवर वीस वर्षे उलटली होती. खुनी आपल्यातलाच असू शकेल हे मान्य करायला त्या दलाला लागलेला हा काळ आहे. त्या मुलीचा शब्द प्रमाण मानून पोलिसांची तपासणी तेव्हाच झाली असती, तर त्यानंतरच्या कित्येक स्त्रिया आज हयात असत्या.

हा केवळ रशियाचा दोष नव्हे, हेही नमूद केले पाहिजे. ३ मार्च २०२१ रोजी लंडनमध्ये वेन कझन्स या पोलिसाने आपले ओळखपत्र दाखवून, साथीच्या काळातील निर्बंधांचे निमित्त करून, रस्त्याने घरी चाललेल्या ३३ वर्षांच्या स्त्रीला खोटी अटक केली आणि तिचा खून केला. तो देश दिवाळखोरीत नव्हता, तेथे संसद आहे, मुक्त वृत्तपत्रे आहेत. तरीही कझन्सविरुद्ध अश्लील वर्तनाची जुनी तक्रार होती आणि ती धड तपासली गेली नव्हती. अँजिओलिनी यांच्या चौकशीचा अहवाल फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. या माणसाला पोलीस दलात कधीच प्रवेश मिळता कामा नये होता, असा निर्वाळा त्यात आहे. दोन्ही ठिकाणी गणवेश हेच आमिष होते आणि दोन्ही ठिकाणी आधीच्या बायकांचा शब्द कमी तोलाचा ठरला होता. फरक इतकाच की लंडनमध्ये खुन्याला शिक्षा झाल्यावर त्याला नोकरीत ठेवणाऱ्यांचाही जाहीर हिशेब मागितला गेला. न्यायालयाचा निकाल खुन्याला शिक्षा देतो. ज्यांनी फायली बंद केल्या, ज्यांनी मुलीचे म्हणणे कानाआड केले, त्यांचा हिशेब निकालपत्रात नसतो. तो हिशेब लोकांनी मागायचा असतो आणि तो मागता येईल अशी व्यवस्था असावी लागते.

रशियात सुधारणा मुळीच झाल्या नाहीत असे नाही. एप्रिल २००९ मध्ये देनिस येव्स्युकोव्ह या मेजरने मॉस्कोत गोळीबार करून दोघांना ठार केले, तेव्हा देशभर संताप उसळला. शहराच्या पोलीसप्रमुखास जावे लागले, नवा कायदा आला आणि १ मार्च २०११ पासून 'मिलित्सिया'चे नाव 'पोलीस' झाले. पाटी बदलली. परंतु पाटीखालच्या माणसाने कोणास उत्तर द्यायचे, हा प्रश्न पाटी बदलून सुटत नाही. २०१८ च्या निकालाने पोपकोव्हचा हुद्दा व पोलीस खात्याचे निवृत्तिवेतन काढून घेण्यात आले. याचा दुसरा अर्थ असा की पहिल्या जन्मठेपेनंतरही, २२ खून शाबीत होऊनही, सरकारच्या दप्तरी तो निवृत्त सेवकच होता. नोकरशाहीच्या निर्विकारपणाचे याहून बोलके प्रमाण शोधावे लागणार नाही.

आणि ही कथा संपलेलीही नाही. २०२२ पासून युक्रेनच्या युद्धासाठी रशियातील तुरुंगांतून कैद्यांची भरती सुरू झाली. खुनासाठी शिक्षा भोगणारेही माफीच्या आश्वासनावर आघाडीवर गेले आणि त्यातले काही मोकळे होऊन गावी परतले. पोपकोव्हनेही सैन्यात जाण्याची इच्छा बोलून दाखवल्याचे वृत्त आले. त्याला जाऊ दिले गेले नाही. पण असे विचारण्याचे धैर्य त्याला का झाले असावे? कारण एके काळी राज्याने त्याला शस्त्र व गणवेश दिलाच होता, पुन्हा का देणार नाही, हा त्याचा हिशेब होता. जे राज्य आपल्या हिंसेचा हिशेब नागरिकांना देत नाही त्याला खुनी माणूस उपयोगी वाटू लागतो, एवढे या उदाहरणावरून दिसते.

या साऱ्यातून कार्यकर्त्यांनी काय घ्यावे? पोलीस हा जात्याच खुनी असतो, असा भडक सिद्धांत घेऊ नये. पोपकोव्हला अखेर शोधून काढणारेही तपास अधिकारीच होते आणि त्यांचे श्रेय नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. घ्यायचे ते इतकेच. राज्याच्या वतीने दंडा धरणाऱ्याची चौकशी त्याच्याच कचेरीत होता कामा नये, ती स्वतंत्र यंत्रणेकडे असली पाहिजे. हरवलेल्या स्त्रीची तक्रार नोंदवताना तिच्या चारित्र्याची पंचाईत करण्याचा अधिकार कोणत्याही अंमलदाराला नसावा. आणि गुन्ह्यांची आकडेवारी लोकांपुढे उघडी असावी, मग राज्यकर्ता पक्ष कोणताही असो, स्वतःला तो कोणत्याही रंगाचा म्हणवो. या मागण्या क्रांतिकारक वाटणार नाहीत. पण अंगार्स्कमध्ये त्यांतली एकही पुरी झालेली नव्हती, आणि त्याची किंमत रात्रीच्या बसची वाट पाहणाऱ्या बायकांनी मोजली.