विश्लेषण : घरी बांधलेला लाकडी कॅम्पिंग ट्रेलर, सुतारकाम सोपे, नंबर प्लेट का अवघड?

कारच्या मागे जोडायचा आणि आत दोघांना झोपता येईल एवढा लाकडी ट्रेलर घरीच कसा बांधायचा, याचे व्हिडीओ मोबाइलवर सतत दिसतात. अमेरिकेत हा छंद जवळपास शतकभर जुना आहे. आपल्याकडेही मरीन प्लाय, वेल्डर आणि सुतार कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतात. त्यामुळे ‘आपणही करून पाहू’ असे वाटणे साहजिक आहे. मात्र ट्रेलर बांधणे आणि तो कायदेशीरपणे रस्त्यावर आणणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘टिअरड्रॉप’ ट्रेलर म्हणजे काय?

पुढून गोलाकार आणि मागे निमुळता होत जाणारा, अश्रूच्या थेंबासारखा दिसणारा हा छोटा ट्रेलर. १९३० च्या दशकात तो अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात दिसू लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो आणखी लोकप्रिय झाला. युद्धातून उरलेले ॲल्युमिनियम बाजारात आले होते आणि घरी बांधता येतील असे आराखडे ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’सारख्या मासिकांतून छापले जात होते. पुढे मोठ्या कॅराव्हॅन आल्या आणि हा प्रकार मागे पडला. इंटरनेटमुळे त्याला पुन्हा चाहते मिळाले.

याचे ठरलेले माप साधारण चार फूट रुंद, आठ फूट लांब आणि चार फूट उंच. प्लायवुडचा शीटच मुळात चार बाय आठ फुटांचा येतो, म्हणून हे माप. एका शीटमधून एक बाजू निघते आणि एका शीटमध्ये तळ होतो. आत फक्त गादी असते. स्वयंपाकाचा ओटा मागच्या बाजूला, वर उघडणाऱ्या दाराखाली असतो. म्हणजे झोपायचे आत आणि चहा करायचा बाहेर उभे राहून.

तो बांधतात कसा?

खाली लोखंडी चौकोनी पाइपची चासी, त्यावर एक ॲक्सल आणि दोन चाके. चासीवर प्लायचा तळ. दोन्ही बाजूंच्या भिंती एकावर एक ठेवून एकाच आकारात कापल्या जातात. त्या उभ्या केल्यावर लाकडी आडव्या पट्ट्या बसतात आणि वरून छत येते. छताला ३ मिलिमीटरचा पातळ प्लाय वापरतात, कारण तो गोलाईवर वाकतो. दोन थरांमध्ये थर्माकोलसारखा फोम भरला की ऊन आणि थंडी दोन्ही कमी लागतात.

खरी कसोटी वजनाची. १८ मिलिमीटर प्लायचा एक पूर्ण शीट ३५ ते ४० किलो भरतो. सगळीकडे तोच वापरला तर ट्रेलर बघता बघता जड होतो. म्हणून अनुभवी लोक भिंती आतून पोकळ ठेवतात. लाकडी चौकट करून दोन्ही बाजूंनी पातळ प्लाय लावतात. असा ट्रेलर साधारण ३०० ते ५०० किलोंत बसतो.

दुसरा शत्रू पाणी. प्लाय पृष्ठभागावरून कमी आणि कापलेल्या कडेतून जास्त पाणी पितो. त्यामुळे प्रत्येक कड आणि प्रत्येक स्क्रूचे छिद्र इपॉक्सीने बंद करावे लागते. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर यात तडजोड चालतच नाही. प्लाय घेताना त्यावर ‘आयएस ७१०’ हा मरीन प्लायचा शिक्का आहे का, ते पाहावे.

सर्वांत धोकादायक चूक कोणती?

वजन चुकीच्या जागी टाकणे. बैलगाडीत मागे जास्त भार झाला की गाडी उलाळ होते आणि जू वर उचलले जाते. ट्रेलरचेही तसेच. मागे भार जास्त झाला तर वेग वाढताच ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो. हे झोके वाढत गेले तर पुढची कारही चालकाच्या ताब्यात राहत नाही. घाबरून जोरात ब्रेक दाबला तर परिस्थिती आणखी बिघडू शकते.

अमेरिकेत यासाठी सोपा नियम पाळतात. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के भार कारच्या हुकावर यावा. ट्रेलर ४०० किलोंचा असेल तर हुकावर ४० ते ६० किलो. त्यासाठी ॲक्सल मध्यापासून थोडा मागे बसवतात. मात्र स्वयंपाकाचा ओटा, पाण्याचा कॅन आणि भांडी हे सगळे मागेच असते. म्हणून बॅटरी आणि जड सामान पुढे ठेवावे लागते. निघण्यापूर्वी हुकाखाली वजनकाटा ठेवून भार मोजणे, हे पाच मिनिटांचे काम आहे.

दुसरा धोका हवेचा. एवढ्या लहान बंद जागेत दोन माणसे रात्रभर श्वास घेतात, त्यामुळे खिडकी आणि छतावरचा पंखा ही गरज आहे. आत गॅस किंवा शेगडी कधीही पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो कळत नाही.

विजेचे गणित काय?

अवघड नाही. २५ वॉटचा पंखा आठ तास चालला तर २०० वॉट-तास लागतात. दिवे आणि दोन मोबाइल मिळून आणखी सुमारे ७०. म्हणजे एका रात्रीला २७० वॉट-तास. १०० अँपिअर-तासांच्या १२ व्होल्ट लिथियम बॅटरीत साधारण १,२०० वॉट-तास असतात. त्यामुळे चार रात्री आरामात निघतात. बॅटरीजवळच फ्यूज बसवायला विसरू नये, कारण सगळा ढाचा लाकडाचा आहे.

मग अडते कुठे?

नोंदणीत. अमेरिकेत बहुतेक राज्यांत घरी बांधलेल्या ट्रेलरची नोंदणी करता येते. राज्यानुसार प्रक्रिया बदलते. काही ठिकाणी तपासणी होऊन ट्रेलरला ओळख क्रमांक दिला जातो. युरोपीय संघात साध्या कार परवान्यावर ७५० किलोंपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो.

भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येनुसार ट्रेलर हे स्वतःच ‘मोटार वाहन’ आहे. त्याला इंजिन नसले तरी फरक पडत नाही. ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीला स्वतंत्र नंबर लागतो तो यामुळेच. कलम ३९ नुसार नोंदणीशिवाय असे वाहन सार्वजनिक रस्त्यावर नेता येत नाही. नोंदणीसाठी नमुन्याची मान्यताप्राप्त संस्थेत चाचणी लागते. पुण्यातील एआरएआय आणि सीआयआरटी या अशाच संस्था. पण ही व्यवस्था एकाच नमुन्याची अनेक वाहने विकणाऱ्या उत्पादकासाठी आखलेली आहे. अंगणात एकच ट्रेलर बांधणाऱ्या माणसाला त्यातून जाणे वेळेच्या आणि पैशाच्या दृष्टीने परवडणारे नाही.

कारचाही प्रश्न आहे. कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल वाहनात करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे कलम कडकपणे लावण्याची भूमिका घेतली. त्यामुळे मागे हुक बसवण्यापूर्वी कारच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलर ओढण्याची क्षमता दिली आहे का, हे पाहणे आवश्यक आहे. अपघात झाला तर विमा कंपनीचा पहिला प्रश्न नोंदणीचाच असेल.

कॅराव्हॅन धोरणाचा उपयोग होतो का?

मर्यादित. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. त्यात कॅराव्हॅन आणि कॅराव्हॅन पार्क या दोन्हींचा विचार आहे. मात्र त्याचा रोख व्यवसाय करणाऱ्यांवर आहे. हौशी माणसाने बांधलेल्या छोट्या ट्रेलरच्या नोंदणीचा प्रश्न त्याने सुटत नाही.

काय व्हायला हवे?

नियम सैल करा, अशी मागणी योग्य ठरणार नाही. झोके घेणारा ट्रेलर मागून येणाऱ्या दुचाकीस्वारासाठी जीवघेणा ठरू शकतो. पण आजच्या व्यवस्थेत हौशी माणसापुढे दोनच पर्याय उरतात : बांधूच नये किंवा बांधून गुपचूप चालवावे. दुसऱ्या पर्यायात ट्रेलर कोणी तपासतच नाही आणि धोका तिथेच वाढतो.

ठरावीक वजनापर्यंतच्या एकट्या ट्रेलरसाठी एकदाच होणारी तपासणी आणता येईल. वजन, हुकावरचा भार, जोडणी, सुरक्षा साखळी, मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर एवढ्या गोष्टी प्रशिक्षित निरीक्षक एका भेटीत पाहू शकतो. वेगमर्यादा कमी ठेवता येईल. घरी बनलेल्या वस्तूवर विश्वास नसेल तर ती तपासण्याची सोय करणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

तोवर ज्यांना हात शिवशिवत आहेत, त्यांनी प्लाय आणण्यापूर्वी आरटीओत लेखी विचारणा करावी. उत्तर नकारार्थी आले तर तोच ढाचा शेतावर किंवा अंगणात चाकांशिवायची झोपायची खोली म्हणून उभा राहू शकतो. वाया जायचे असेल तर एक अर्ज वाया जावा, सहा महिन्यांचे काम नव्हे.